कोंबडा खात का नाही?



"आम्ही एका कुटुंबाला कोंबड्या आणि कोंबडा घेऊन दिला, पण कोंबडा म्हणे काही खातच नाही. असे कसे?" हा प्रश्न आपल्या मंडळ्यांतून वरचेवर येतो. पाड्यांवरच्या आयाबायाही तोच विचारतात, फक्त त्यांचे शब्द वेगळे असतात. कोंबडा माजला आहे, लाडावला आहे, दाणे पायाने उडवतो आणि नुसता भात मागतो, असे त्या सांगतात. पुढचे वाक्य बहुधा ठरलेले असते: आठवडी बाजारात विकून टाकू.

हे शेवटचे वाक्य गंभीर आहे. जव्हार, मोखाड्याकडच्या पाड्यांवर एका घरी पाच-सात कोंबड्या आणि त्यांच्यात एकच कोंबडा, असा हिशेब असतो. कोंबडा नसला तरी कोंबड्या अंडी देतात, पण त्या अंड्यांतून पिल्ले निघत नाहीत. कोंबड्याशी जोडी लागल्यानंतर कोंबडीची अंडी साधारण दोन आठवडे फळतात, क्वचित तीन. त्यानंतर खुडूक कोंबडीखाली कितीही अंडी ठेवली तरी ती कुजतात. म्हणजे आज विकलेल्या कोंबड्याचा तोटा महिनाभराने कळतो, आणि तोपर्यंत पैसे खर्च झालेले असतात. अर्धपोटी कोंबडा ठेवूनही फारसा फायदा नाही, कारण वजन उतरले की त्याची फळवण्याची ताकदही उतरते. म्हणून कोंबड्याच्या खाण्याकडे आणि पोटाकडे नीट पाहिले पाहिजे. ते फार अवघड नाही आणि त्याला जवळपास काही खर्चही नाही.

खरोखर खात नाही का?

आधी हे तपासावे. कोंबड्याची एक सवय पुष्कळांना ठाऊक नसते. चांगला दाणा किंवा किडा दिसला की तो 'कुक कुक' असा भरभर आवाज काढतो, दाणा चोचीत उचलतो, खाली टाकतो, पुन्हा उचलतो, पुन्हा टाकतो. कोंबड्या धावत येतात आणि तो दाणा त्या खातात. हा त्यांना बोलावण्याचा त्याचा प्रकार आहे. लांबून पाहणाऱ्याला वाटते की कोंबडा दाणे टाकून देतो आहे. त्याचे स्वतःचे खाणे नंतर चालते, थोडे थोडे. कळपात पाच-सहा खादाड कोंबड्या असतील आणि दाणे एकाच जागी मूठभर टाकले असतील, तर त्याच्या वाट्याला खरोखरच काही उरत नाही. अशा घरी दाणे दोन-तीन जागी लांब लांब टाकले की निम्मी तक्रार मिटते.

खात्री करायची असेल तर हाताने करावी. कोंबड्याच्या गळ्याखाली, छातीच्या उजव्या अंगाला, अन्नाची एक पिशवी असते. संध्याकाळी तो खुराड्यात शिरताना ती चाचपावी. पोटभर खाल्लेल्या कोंबड्याची पिशवी लिंबाएवढी, कधी त्याहून मोठी आणि दाण्यांनी भरलेली लागते. पहाटे, दाणे टाकण्यापूर्वी, तीच पिशवी रिकामी लागली पाहिजे, कारण रात्रभरात अन्न पुढे सरकलेले असते. संध्याकाळी भरलेली आणि सकाळी रिकामी असेल तर कोंबडा खातो आहे आणि पचवतो आहे. मग लोक काहीही म्हणोत. संध्याकाळीही रिकामी असेल तर तो उपाशी आहे. आणि सकाळीही भरलेलीच असेल तर अडचण खाण्यात नसून पुढे आहे. तिच्याविषयी खाली लिहिले आहे.

दुसरी खूण छातीच्या मधल्या हाडाची. त्यावरून बोट फिरवावे. दोन्ही बाजूंना मांस भरलेले असेल तर ठीक. हाड सुरीच्या धारेसारखे हाताला लागले तर कोंबडा बऱ्याच दिवसांपासून खंगतो आहे. पिसांमुळे हे डोळ्यांना दिसत नाही, हात लावल्यावरच कळते.

चोखंदळपणा कुठून येतो

कोंबडीच्या तोंडात स्वाद ओळखणाऱ्या कलिका काही शेच असतात. माणसाच्या तोंडात त्या हजारोंनी असतात. त्यामुळे कोंबडा चवीपेक्षा डोळ्यांवर जास्त चालतो. दाण्याचा आकार, रंग आणि चोचीत तो कसा बसतो, यावरून तो निवड करतो. मिश्रण घातले की मक्याचे मोठे तुकडे आधी संपतात आणि पीठ तळाशी राहते. त्या पिठातच पेंड आणि सुकट असते, म्हणजे ज्याची त्याला सर्वांत गरज आहे तेच मागे राहते.

याहून मोठे कारण मात्र आपल्या देण्याच्या पद्धतीत आहे. वाटपासाठी आणलेले पक्षी बहुधा गिरिराज, वनराज अशा सुधारित जातींचे असतात. ते पहिले चार ते सहा आठवडे, कधी त्याहूनही अधिक, शेडमध्ये वाढलेले असतात आणि तिथे त्यांना कारखान्यातले एकसारखे दाणेदार खाद्य मिळालेले असते. मग एका सकाळी टोपलीतून ते पाड्यावर येतात आणि त्यांच्यापुढे नागली पडते. नागली म्हणजे आपण शहरात नाचणी म्हणतो ती. एवढा बारीक, तांबडा दाणा त्यांनी कधी पाहिलेलाच नसतो. अनोळखी वस्तू खाऊ नये, ही पक्ष्याची उपजत सावधगिरी आहे. गावठी पिल्लू आईच्या मागे हिंडून काय खायचे ते शिकते. शेडमधल्या पक्ष्याला शिकवायला आईच नव्हती. त्यातल्या त्यात ओळखीचा वाटतो तो मऊ, पांढरा, चोचीला सोपा भात. तेवढाच तो खातो आणि लाडावलेला ठरतो.

नुसत्या पांढऱ्या भातावर

उरलासुरला भात कोंबड्यांपुढे टाकणे ही सगळीकडची रीत आहे. रानात हिंडून किडे, पाला, बिया खाणाऱ्या पक्ष्याला त्याने अपाय होत नाही. पण भाताशिवाय दुसरे काही न खाणाऱ्या कोंबड्याची गोष्ट वेगळी.

याचा शोध ज्या कोंबड्यांवरून लागला त्यांची हकीगत सांगण्याजोगी आहे. जावा बेटावर, आजच्या जकार्तामध्ये, ख्रिस्तियान एइकमन नावाचे डच डॉक्टर बेरीबेरी या रोगाचा अभ्यास करत होते. १८८९ च्या सुमारास त्यांच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्या लडखडू लागल्या, त्यांच्या पायांतले बळ गेले. काही महिन्यांनी त्या आपोआप बऱ्या झाल्या. चौकशी केल्यावर कळले की मधल्या काळात त्यांना लष्करी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातला शिजवलेला पांढराशुभ्र भात मिळत होता. पुढे नवा स्वयंपाकी आला आणि त्याने लष्कराचा तांदूळ बिगरलष्करी कोंबड्यांना द्यायला नकार दिला. म्हणून त्यांना पुन्हा साधा, कोंड्यासकटचा तांदूळ मिळू लागला आणि त्या बऱ्या झाल्या. तांदूळ पॉलिश करताना जो कोंडा निघून जातो त्यात ब-१ जीवनसत्त्व असते, हे नंतर स्पष्ट झाले. एइकमन यांना या कामासाठी १९२९ मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

आपल्या विषयाला लागू पडते ती गोष्ट अशी की, ब-१ कमी पडले की कोंबडीची पहिली खूण पाय लडखडणे ही नसते, भूक मरणे ही असते. म्हणजे भाताशिवाय काही न खाणारा कोंबडा हळूहळू भातही कमी खाऊ लागतो. घरचे म्हणतात, आता तर भातही नको झाला याला. हा हट्ट नव्हे, उणीव आहे. शिवाय भातात प्रथिने कमी असतात. पिसे तर जवळपास सगळी प्रथिनांचीच बनतात, त्यामुळे असा कोंबडा पिसे झडल्यावर लवकर भरत नाही.

घरातल्याच वस्तूंचे खाद्य

मोठ्या गावठी कोंबड्याला दिवसाला सुमारे १०० ग्रॅम खाद्य लागते, सुधारित जातीच्या जड कोंबड्याला त्याहून थोडे अधिक. पावसाळ्यात आणि त्यानंतर यातला बराच भाग तो रानातून मिळवतो. उन्हाळ्यात माती कोरडी पडते, किडे खोल जातात, तेव्हा घरचे खाद्य जास्त द्यावे लागते.

एक किलो खाद्याचे हे प्रमाण आमच्या पाहण्यात सोपे आहे. मका, नागली, वरई किंवा तांदळाची कणी यांची भरड ६०० ग्रॅम; तांदळाचा कोंडा २०० ग्रॅम; खुरासणीची किंवा भुईमुगाची पेंड १५० ग्रॅम; आणि सुकट किंवा जवळा ५० ग्रॅम. यातून प्रथिने साधारण १४-१५ टक्के मिळतात, मोठ्या कोंबड्याला ती पुरतात. कोंडा म्हणजे तांदळावरचा मऊ, तेलकट भुसा. भाताचे कडक तूस नव्हे. गिरणीत दोन्ही एकत्र मिळतात, तेव्हा चाळून घ्यावे. तुसात पोषण नाही आणि ते आतड्याला बोचते. मासळी खारवलेली असेल तर धुऊन, वाळवून घालावी, कारण जास्त मीठ कोंबडीला विषासारखे असते. डहाणू-पालघरच्या किनाऱ्यावरचा बिनमिठाचा जवळा मिळाला तर उत्तम.

पेंडीबाबत एक सावधगिरी. मोहाच्या बियांचे तेल काढल्यावर उरणारी पेंड घरात पडून असते आणि ती फुकट असते म्हणून घालावीशी वाटते. ती घालू नये. तिच्यातले सॅपोनिन हे द्रव्य कडू आणि अपायकारक असते.

मासळी परवडत नसेल तर वाळवी आहेच, आणि हा उपाय पाड्यावरच्या माणसांना आपल्यापेक्षा जास्त चांगला येतो. जुन्या मडक्यात ओले शेण आणि काडीकचरा भरून ते वारुळाजवळ पालथे ठेवतात. एक-दोन दिवसांत त्यात वाळवी भरते. ती कोंबड्यापुढे झटकली की सर्वांत चोखंदळ कोंबडाही मागे राहत नाही. हिरव्यासाठी शेवग्याचा पाला पुरतो. अझोलाचे कौतुक अलीकडे फार होते. ते चांगलेच आहे, पण मार्चनंतर जिथे प्यायचे पाणी डोक्यावरून आणावे लागते तिथे अझोल्याचे खड्डे भरून ठेवायला सांगणे मला पटत नाही.

कोंबड्यांसाठी मिळणारे अंड्यावरचे तयार खाद्य कोंबड्याला कायम देऊ नये. अंड्याच्या कवचासाठी त्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असते. अंडी न देणाऱ्या कोंबड्याला एक टक्क्याच्या आसपास पुरते, जादाचा भार त्याच्या मूत्रपिंडांवर पडतो. त्यापेक्षा सगळ्यांना वरचे साधे खाद्य घालावे आणि शिंपल्यांचा चुरा एका फुटक्या वाटीत वेगळा ठेवावा. ज्या कोंबडीला हवा ती खाईल.

सवय लावताना घाई करू नये. आठ-दहा दिवस घ्यावेत. आधी तीन भाग जुने खाद्य आणि एक भाग नवे, मग निम्मे निम्मे, मग उलट. भरड थोड्या पाण्याने किंवा ताकाने ओलसर करावी, मुठीत दाबली तर गोळा व्हावा आणि सोडला तर फुटावा एवढीच. अशाने पीठ दाण्याला चिकटते आणि निवडून खाता येत नाही. सकाळी भूक कडक असते तेव्हा हे द्यावे आणि अर्ध्या-पाऊण तासाने उरलेले उचलावे, नाहीतर उन्हात आंबते. भात द्यायचाच असेल तर संध्याकाळी, याच्यानंतर. सर्वांत चांगला शिक्षक मात्र दुसरा पक्षी. नागली खाणारी एखादी गावठी कोंबडी त्याच्यासोबत दाण्यावर सोडली की तिचे पाहून तोही टोचू लागतो. नव्या कोंबड्याला वेगळे बांधून 'खाईल उपाशी राहून' अशी शिक्षा देतात, तिचा उपयोग होत नाही.

खाल्लेले पचण्यासाठी

कोंबडीला दात नाहीत. गळ्याखालच्या पिशवीत दाणे भिजतात, पुढे खऱ्या पोटात त्यांवर आम्ल पडते, आणि मग ते पेट्यात जातात. कलेजी-पेटा आपण बाजारातून आणतो तोच हा पेटा. त्याचे जाड स्नायू दाणे दळतात आणि या जात्याची पाळी म्हणजे कोंबड्याने गिळलेले बारीक खडे. मोकळ्या कोंबड्याला ते जमिनीवर मिळतात. पण सिमेंटच्या ओट्यावर किंवा सतत डालग्याखाली ठेवलेल्या कोंबड्याला मिळत नाहीत, आणि मग दाणा नीट दळला जात नाही. ओढ्यातली तांदूळ ते ज्वारीएवढी टणक वाळू धुऊन एका करवंटीत ठेवावी. शिंपल्याचा चुरा हे काम करत नाही, तो आम्लात विरघळतो.

पाणी खाद्याच्या दुप्पट तरी लागते, उन्हाळ्यात त्याहून जास्त. पाणी गढूळ किंवा तापलेले असेल तर कोंबडा कमी पितो, आणि कमी प्यायला की खातही नाही. एप्रिल-मेमध्ये चोच उघडी टाकून धापा टाकणाऱ्या कोंबड्यापुढे दुपारी दाणे टाकण्यात अर्थ नाही. पहाटे आणि उन्हे कलल्यावर टाकावेत, आणि मातीच्या भांड्यातले पाणी सावलीत ठेवावे.

आता सकाळीही भरलेली राहणारी पिशवी. ती कणकेच्या गोळ्यासारखी घट्ट लागत असेल तर लांब गवत, सुतळी किंवा प्लास्टिकची दोरी आत अडकलेली असू शकते. दाणे बंद करून पाणी पाजावे, पिशवी दिवसातून तीन-चार वेळा हलक्या हाताने चोळावी आणि एक-दोन दिवस वाट पाहावी. ती मऊ, पाण्याने भरलेल्या फुग्यासारखी असेल आणि तोंडाला आंबूस वास येत असेल तर आत बुरशी वाढलेली असते, तिला औषध लागते. दोन्ही वेळी लोक कोंबड्याला उलटा धरून पिशवी पिळतात किंवा घशात तेल ओततात. हे करू नये. पाणी आणि तेल श्वासनलिकेत जाऊन चांगला कोंबडा हातातच मरतो.

विष्ठा रोज पाहावी. तपकिरी-करडी आणि वर पांढरी टोपी असेल तर पोट ठीक आहे. दिवसातून एक-दोनदा चिकट, काळपट आणि फार घाण वासाची विष्ठा येते तीही नेहमीचीच. पातळ हिरवी विष्ठा म्हणजे पोट रिकामे असून नुसते पित्त उतरते आहे, किंवा रोगाची सुरुवात आहे. रक्त दिसले तर रक्ती हगवण. विष्ठेत दोऱ्यासारखे पांढरे जंत दिसले, किंवा कोंबडा भरपूर खाऊनही छातीचे हाड उघडेच राहिले, तर जंताचे औषध हवे. त्याचे प्रमाण पक्ष्याच्या वजनावर ठरते, म्हणून दवाखान्यातूनच घ्यावे. जंतांची अंडी ओल्या जमिनीत टिकतात. खुराड्याखालची राख आणि माती बदलत राहिल्याशिवाय औषधाचा गुण फार दिवस राहत नाही.

बुरशी लागलेले धान्य 'माणसाला नको, कोंबड्यांना चालेल' म्हणून टाकले जाते. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी असे काही महिन्यांत मेले. कारण निघाले ते भुईमुगाच्या पेंडीवरच्या बुरशीचे विष, ज्याला पुढे अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. ते यकृत बिघडवते, आणि यकृत बिघडलेला पक्षी सर्वांत आधी खाणे सोडतो. पावसाळ्यात पेंड थोडी थोडीच आणावी आणि चुलीवरच्या माळ्यावर ठेवावी. वास लागलेली पेंड कोंबडा सोडत असेल तर त्याचेच बरोबर आहे.

आजार असेल तेव्हा

वर लिहिलेले सगळे हिंडत्या, आरवत्या कोंबड्यासाठी आहे. पिसे फुलवून कोपऱ्यात बसलेला, तुरा काळपटलेला, मान वाकडी झालेला किंवा घशात घरघर असलेला कोंबडा चोखंदळ नसतो, आजारी असतो. तोंडही उघडून पाहावे. देवी रोगात जिभेवर आणि घशात पिवळट खपल्या धरतात आणि भूक असूनही गिळता येत नाही. मानमोडीवर, म्हणजे राणीखेतवर, औषध नाही, लसच आहे. पिल्लू पाच-सात दिवसांचे असताना लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, आणि आठ आठवड्यांनंतर आर-टू-बी लसीचे इंजेक्शन. एकदम दोन-तीन पक्षी मेले तर बाकीचे बाजारात नेऊ नयेत, दवाखान्याला कळवावे. सरकारी फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे.

खाद्यासाठी दरमहा पैसे पाठवू का, असेही काही जण विचारतात. दरमहा पोती पाठवून उपयोग नाही, ती थांबली की कोंबडा पुन्हा तिथेच येतो. पण पक्षी देतानाच प्रत्येक घरी त्याच्या जुन्या खाद्याचे दोन किलो सोबत दिले तर सवय बदलण्याचे आठ-दहा दिवस नीट निभतात. शक्य असेल तर पावसाळा सुरू झाल्यानंतर, रानात किडे असताना, पक्षी द्यावेत. मे महिन्याच्या सुटीत वाटप करणे आपल्याला सोयीचे असते, कोंबड्याला नाही.